दोनशे वीस वजा मी

आमच्या टीव्हीखालच्या कपाटात सगळ्यात खाली एक ड्रॉवर आहे. बायको त्याला 'स्मशान' म्हणते, मी 'संग्रहालय' म्हणतो. त्यात सध्या पुढील ऐवज आहे: पट्ट्याला अडकवून पावलं मोजायचं एक यंत्र, १२८ एमबीचा एक एमपीथ्री प्लेयर, दंडावर फोन बांधायचे दोन पट्टे, छातीला बांधायचा एक पट्टा (त्याला अजून २०११ सालच्या घामाचा वास येतो असं मुलीचं म्हणणं), दोन जीपीएस घड्याळं, आता कशाच्या आहेत ते कुणालाच आठवत नाही अशा असंख्य वायरी, आणि बिनवायरचे तीन इअरबड. तिन्ही डाव्या कानाचे. उजव्या कानाचे कुठे जातात हे एक गूढच आहे. एक वेताळ टेकडीवर गेला, एक गटारात गेला, एवढं मला नक्की माहीत आहे. तिसऱ्याबद्दल घरात मतभेद आहेत.

तर हा सगळा एका माणसाच्या पळण्याचा खर्च. आणि पळणं म्हणे सगळ्यात स्वस्त व्यायाम! बूट घातले की झालं. खरं तर बूटसुद्धा नकोत. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन पळाला आणि जिंकला. मी मात्र कोपऱ्यापर्यंत पळायचं झालं तरी आधी घड्याळाला उपग्रह सापडायची वाट बघत गेटपाशी मनगट आकाशाकडे करून उभा राहतो. आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका सुरुवातीचे काही दिवस मला बघून परत हात हलवायचे.

मी पळायला लागलो २००५ साली. आदल्या वर्षी मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली होती, ती टीव्हीवर बघून ऑफिसातल्या चार-पाच जणांना एकदम स्फुरण चढलं. त्यातला आता पळतो तो मी एकटाच. लोक विचारतात, कशासाठी पळतोस? मी सांगतो, वजनासाठी. हे उत्तर सगळ्यांना पटतं, कारण पोट समोरच असतं. असो. त्याच्यावर येतोच.

आधी गाण्यांचं सांगतो. गाण्याशिवाय पळता येतं, हे मला पहिली काही वर्षं माहीतच नव्हतं. वॉकमन जगात १९७९ साली आला. आमच्या घरी तो यायला १९९१ उजाडलं, तोही दुबईच्या आतेभावाबरोबर. त्या वॉकमनला चालणं मंजूर होतं, पळणं नाही. पळायला लागलं की आतली कॅसेट डचमळायची आणि गाणारा माणूस होडीत बसून गातोय असं वाटायचं. नंतरचा डिस्कमन तर त्याहून मानी. एक पायरी जरी उतरलो तरी रुसून गप्प बसायचा. त्यामुळे २००५ साली हातात आलेला तो १२८ एमबीचा प्लेयर म्हणजे क्रांती वाटली. गाणी मावायची पंचवीस-तीस, पण काही केल्या अडखळायची नाहीत. त्या पंचवीस गाण्यांवर मी एक अख्खा पावसाळा काढला. आजही त्यातलं एखादं गाणं रिक्षात लागलं की माझा उजवा पाय आपोआप हलतो.

मग प्रयोग सुरू झाले. घरचे संस्कार शास्त्रीय संगीताचे, म्हणून एका रविवारी मोठ्या उत्साहाने भीमसेनजींचा विलंबित ख्याल लावून बाहेर पडलो. मंडळी, हे घरी करून बघू नका. विलंबित एकतालातली मात्रा एवढी ऐसपैस असते की एका मात्रेत माझी सात-आठ पावलं पडत होती. गवई शांतपणे सुरांची बढत करतायत आणि मी धापा टाकत प्रभात रोडवरून चाललोय. मला गाडी चुकलेल्या माणसासारखं वाटायला लागलं. सम येईपर्यंत मी लॉ कॉलेज रोडच्या सिग्नलला पोचलेला असे. द्रुत सुरू झालं तेव्हा खरी मजा आली असती, पण तोवर मी घरी येऊन पोहे खात होतो.

लावणीवर पळून पाहिलं. ठेका उत्तम, पण शब्दांकडे लक्ष गेलं की पळणारा माणूस उगाच हसतोय असं समोरून येणाऱ्या आज्यांना वाटतं. गणपतीनंतर कुणीतरी ढोल-ताशाची रेकॉर्डिंग दिली. ती ऐकत पहिला किलोमीटर असा काही पळालो की उरलेले चार चालत यावे लागले. २०१६ साली 'झिंगाट' आलं तेव्हा टेकडीच्या पायथ्याला ते लावायची शहाण्या माणसांनी करू नये ती चूकही केली. त्या गाण्यावर चढ चढता येत नाही. त्या गाण्यावर फक्त चढाच्या मध्यावर कंबरेवर हात ठेवून उभं राहता येतं.

या विषयावर लोकांनी गंभीर संशोधनही केलंय बरं का. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कॉस्टस कारागिओर्गिस नावाचे प्राध्यापक वर्षानुवर्षं हेच करत आले, व्यायाम आणि संगीत. अशा अभ्यासांचं सार असं, की हलक्या ते मध्यम वेगाने पळत असलात तर गाण्यामुळे कष्ट साधारण दहा टक्क्यांनी कमी वाटतात. कमी होत नाहीत, कमी वाटतात. मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची लय त्यासाठी बरी. पण एकदा का शरीर अगदी टोकाला पोचलं की गाण्याचं काही चालत नाही. फुप्फुसं, पोटऱ्या एवढ्या मोठ्याने बोलायला लागतात की मेंदू कानाकडे लक्षच देत नाही. तरीही गाण्याचा महिमा मोठाच. इथिओपियाच्या हायले गेब्रसेलासीने १९९८ साली बर्मिंगहॅमला दोन हजार मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला, तेव्हा स्टेडियममध्ये त्याचं आवडतं 'स्कॅटमॅन' हे गाणं वाजत होतं आणि त्याची पावलं त्याच लयीत पडत होती. अमेरिकेच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेने तर २००७ साली शर्यतींमध्ये इअरफोनवर सरसकट बंदीच घातली होती. पुढे ती हौशी पळणाऱ्यांसाठी सैल केली. निम्मे लोक गाण्याशिवाय घरीच बसले असते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

पण मला विचाराल तर हे संशोधन आपल्याकडे फार पूर्वीच होऊन गेलंय. दरवर्षी ज्ञानोबांची पालखी पुण्यातून निघते आणि सासवडच्या मुक्कामाला जाताना दिवे घाट चढते. एकदा मी तो टप्पा त्यांच्याबरोबर चाललो. हातात घड्याळ, कमरेला पाण्याच्या दोन बाटल्या, खिशात खजूर, पायात महागडे बूट. माझ्या शेजारून डोक्यावर तुळस घेतलेल्या सत्तरीच्या एक आजी साध्या चपलेत चालत होत्या. पुढे टाळ-मृदंग, ज्ञानबा-तुकारामचा गजर. घाटात मी धापा टाकायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "माउली, बोला की तोंडानं, चढ कळायचा न्हाई." गाणं ऐकू नका, गा! बोलायला श्वास पुरत असेल तर तुमचा वेग बरोबर आहे, हे तत्त्व आजचे पळण्याचे प्रशिक्षकही सांगतात. त्याला ते 'टॉक टेस्ट' म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

आता यंत्रांकडे वळू. पावलं मोजायच्या त्या यंत्राने मला दहा हजारांच्या नादाला लावलं. दिवसाला दहा हजार पावलं, कमी नाही. रात्री साडेदहाला आठशे पावलं कमी भरली म्हणून मी जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारल्या आहेत. बायको ताटं उचलत होती, ती म्हणाली, "एवढ्या फेऱ्या मारतोस, तर जाता-जाता एकेक भांडं तरी आत नेऊन ठेव." पुढे कळलं की हा आकडा कुठल्या डॉक्टरच्या प्रयोगशाळेतून आलेलाच नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याचं नावच ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचा मापक'. आकडा गोल, लक्षात राहणारा. जगाने उचलला. २०१९ साली वयस्क अमेरिकी स्त्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की साडेचार हजारांच्या आसपासही चांगला फायदा दिसतो आणि साडेसात हजारांनंतर तो फारसा वाढत नाही. म्हणजे मी टेबलाभोवती घातलेल्या फेऱ्या निव्वळ जाहिरातीच्या पायी.

दुसरा आकडा २२०चा. पळणाऱ्या प्रत्येकाला हा मंत्र माहीत असतो. २२०मधून तुमचं वय वजा करा, की तुमच्या हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा आली. घड्याळंही बऱ्याचदा याच हिशेबाने रंगीत पट्टे दाखवतात. निळा, हिरवा, नारिंगी, लाल. मीही वय भरलं, आणि दरवर्षी वाढदिवसाला घड्याळ माझा एक ठोका कापून घ्यायला लागलं. वाढदिवसाची अशी भेट दुसरं कुणी देत नाही.

आता मघाशी जे टाळलं त्याच्यावर येतो.

डिसेंबर २०२३. पुण्यातली थंडी, पहाटेचे सव्वासहा. मी वेताळ टेकडीवरून रमतगमत खाली येत होतो. अगदी आरामात, कानात गाणं, मनात पोहे. सहज मनगटाकडे बघितलं तर घड्याळ म्हणतंय १७६. लाल पट्टा. माझं वय तेव्हा ४९. दोनशे वीस वजा एकोणपन्नास, एकशे एकाहत्तर. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने मी पाच ठोक्यांपूर्वीच मेलो होतो.

मी एका दगडावर बसलो. इअरफोन काढले. खाली झाडीत मोर ओरडत होते. इतकी वर्षं त्या टेकडीवर पळतोय, पण कानात काहीतरी असल्यामुळे मी त्यांचं ओरडणं असं नीट ऐकलंच नव्हतं. आणि त्या दगडावर बसून मी माझ्या वडिलांचा विचार करत होतो.

बाबा १९९४ साली गेले. हार्ट अटॅक. वय वर्षं एक्कावन्न आणि सात महिने. मी तेव्हा वीस वर्षांचा. बाबा बँकेत होते, चालतफिरत होते, बारीक होते, आजारी कधी पडले नव्हते. सकाळी सात पाचच्या बातम्या लागायच्या आधी ते त्यांच्या एचएमटीच्या घड्याळाला किल्ली द्यायचे. त्या दिवशीही दिली होती. दुपारी आम्ही त्यांना घरी आणलं तेव्हा ते घड्याळ व्यवस्थित चालू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कधीतरी ते बंद पडलं.

तर मी वजनासाठी पळत नाही. आता सांगून टाकलं.

ड्रॉवरमधली ती सगळी यंत्रं माझ्या हौसेची आहेत असं मी अठरा वर्षं सगळ्यांना सांगत होतो. पण छातीचा पट्टा कुणी हौसेने विकत घेत नाही. मला तो आकडा बघायचा असायचा. चालू आहे ना, बघायचं असायचं. आणि गाणी अशासाठी, की आतला तो आवाज ऐकू येऊ नये. एका यंत्राने हृदय बघायचं आणि दुसऱ्याने ते झाकायचं, असा माझा उद्योग चालला होता.

घरी चालत आलो. काही बोललो नाही. पण पोहे उरले, तेव्हा हिला कळलं. दुपारी आम्ही हृदयरोगतज्ज्ञांसमोर. ईसीजी व्यवस्थित. डॉक्टरांनी माझं घड्याळ हातात घेतलं, पट्टा सैल होता तो दाखवला आणि विचारलं, "पळताना मिनिटाला पावलं किती पडतात तुमची?"

मी आकडे तोंडपाठ असलेला माणूस. म्हटलं, "एकशे पंचाहत्तरच्या आसपास."

डॉक्टर मनापासून हसले. स्वतःही पळणारे निघाले. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके ऐकत नाही. ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश थोडा कमी-जास्त होतो आणि त्यावरून घड्याळ अंदाज बांधतं. पण थंडीत मनगटाकडे रक्त कमी येतं, पट्टा सैल असला की घड्याळ हलतं, आणि मग ते बिचारं पावलांच्या हादऱ्यांनाच ठोके समजून बसतं. "तुमचं हृदय नव्हतं ते. तुमचे पाय होते." २२०च्या सूत्राचंही त्यांनी सांगितलं. १९७१ साली जुन्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून त्यातून काढलेली ती एक ढोबळ रेघ आहे. दोन सारख्या वयाच्या माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यापायी कुणी दगडावर जाऊन बसायचं कारण नाही.

मीही हसलो. ही पण हसली, जरा उशिरा. मग जाता-जाता विचारावं तसं त्यांनी विचारलं, "घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

मी सांगितलं.

"किती वय होतं?"

मी तेही सांगितलं. महिन्यांसकट. डॉक्टरांचं हसणं थांबलं. त्यांनी पेन उचललं. "हे तुम्ही याआधी कुठल्या डॉक्टरला सांगितलंय?"

नव्हतं सांगितलं. अठरा वर्षं मी घड्याळं बदलत होतो, बूट बदलत होतो, पण हे एक वाक्य कुणा डॉक्टरला सांगितलं नव्हतं. वडिलांना पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर मुलाचा धोका वेगळ्या खात्यात मोजतात, पळणारा असला तरी. पळण्याने धोका कमी होतो, पुसला जात नाही. मग ट्रेडमिलवरची चाचणी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. चाचणी नीट निघाली, कोलेस्टेरॉल मात्र नको तेवढं वर. तेव्हापासून रात्री एक गोळी असते. इतक्या वर्षांच्या खरेदीत मला खरोखर उपयोगी पडलेली हीच एक वस्तू. ती चार्ज करावी लागत नाही.

म्हणजे बघा, घड्याळ साफ चुकलं होतं. पण ते चुकलं नसतं तर मी त्या खुर्चीत जाऊन बसलोच नसतो. एवढ्या खोट्या आकड्याने एवढं खरं काम केल्याचं दुसरं उदाहरण माझ्याकडे नाही. त्यामुळे ते घड्याळ मी अजून ड्रॉवरमध्ये टाकलेलं नाही. पट्टा एक भोक आवळून बांधतो, एवढंच.

गाणी सुटली का? नाही हो. रस्त्यावर पळताना एका कानात असतातच. (डाव्या. दुसरा पर्यायच नाही.) टेकडीवर मात्र लावत नाही. सुरुवातीला फार जड गेलं. स्वतःच्या धापा ऐकणं हे काही कर्णमधुर प्रकरण नाही. पण दोन-तीन आठवड्यांनी त्यातही लय सापडते. तीन पावलं श्वास आत, दोन बाहेर. चढ आला की दोन-दोन. मोर आहेतच. खालून येणारे एक काका रोज मोठ्याने रामरक्षा म्हणतात, ती त्यांच्या दमाप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी तुटते. मुलीने माझ्यासाठी एक यादी करून दिली होती, 'बाबाची पळायची गाणी' म्हणून. तिला वाईट वाटू नये म्हणून ती मी भांडी घासताना ऐकतो.

या महिन्यात मला एक्कावन्न वर्षं आणि आठ महिने पूर्ण झाले. म्हणजे आता मी बाबांपेक्षा मोठा आहे. ही गोष्ट कुठलंही घड्याळ दाखवत नाही, तिला पदक नाही, कंप नाही, पडद्यावर फटाके नाहीत. मी एकटाच मोजत होतो. त्या दिवशी सकाळी साडेसहाला आईच्या कपाटातून बाबांचं एचएमटी काढलं. दोन-चार वेळा किल्ली फिरवल्यावर ते सुरू झालं, जसं काही कालच थांबलं होतं. मनगटावर बांधलं आणि टेकडीवर गेलो. त्यात वेग दिसत नाही, अंतर दिसत नाही, ठोके दिसत नाहीत. वरच्या मोकळ्या जागेवर पोचल्यावर कानाला लावून बघितलं. टिकटिक चालू होती. मीही चालू होतो. मग उतरलो.

घरी आलो तर ही दारातच. तिला तारीख माहीत होती, असं मला आता वाटतं. मनगटाकडे बघून काही बोलली नाही. नेहमीचाच प्रश्न विचारला, "किती झालं आज?"

"काही कल्पना नाही. मोजलंच नाही."

"मग गेला होतास कशावरून?"

खोटं कशाला बोलू? फोन खिशात चालूच होता. सात किलोमीटर, तीनशे मीटर.